मानवतावादी मदतीचे स्थानिकीकरण

मानवतावादी मदतीचे स्थानिकीकरण म्हणजे युद्ध, दुष्काळ, भूकंप, पूर, साथीचे रोग अशा संकटांत मदतीचा निधी, निर्णयाधिकार व नेतृत्व हे शक्य तेवढे संकटग्रस्त प्रदेशातीलच संस्थांकडे आणि स्वयंसेवक गटांकडे सोपवण्याची प्रक्रिया होय. अशा संस्थांना व गटांना आंतरराष्ट्रीय मदतकार्याच्या परिभाषेत 'स्थानिक भागीदार' म्हणतात. एकाच प्रदेशावर एकामागून एक किंवा एकाच वेळी अनेक संकटे ओढवतात, तेव्हा बाहेरील संस्थांना तेथे पोहोचणे अवघड होते आणि मदतीचा बहुतेक भार स्थानिक भागीदारांवर पडतो. त्यामुळे त्यांना कसे पाठबळ द्यावे, हा या संकल्पनेतील मध्यवर्ती प्रश्न आहे.

पार्श्वभूमी

मदतकार्य स्थानिक क्षमतेवर उभारावे, हा विचार नवा नाही. रेड क्रॉस चळवळ व स्वयंसेवी संस्था यांच्यासाठी १९९४ मध्ये तयार झालेल्या आचारसंहितेत या तत्त्वाचा स्पष्ट समावेश आहे. मे २०१६ मध्ये इस्तंबूल येथे भरलेल्या जागतिक मानवतावादी शिखर परिषदेत या विचाराला ठोस उद्दिष्टाची जोड मिळाली. तेथे प्रमुख देणगीदार देश व मदतसंस्था यांच्यात 'ग्रँड बार्गेन' नावाचा समझोता झाला. २०२० पर्यंत मानवतावादी निधीपैकी किमान २५ टक्के निधी शक्य तितक्या थेटपणे स्थानिक व राष्ट्रीय घटकांपर्यंत पोहोचवावा, असे त्यात ठरले. हे उद्दिष्ट मुदतीत साध्य झाले नाही. त्यानंतरही थेट निधीचे प्रमाण एक-आकडी टक्केवारीतच राहिले.

निधीचा प्रवास

देणगीदार देशाचा पैसा सहसा प्रथम संयुक्त राष्ट्रांच्या एखाद्या संस्थेकडे, तेथून आंतरराष्ट्रीय स्वयंसेवी संस्थेकडे आणि शेवटी स्थानिक संस्थेकडे जातो. प्रत्येक टप्प्यावर प्रशासकीय खर्च वजा होतो व वेळही जातो. स्थानिक संस्थेला बहुधा ठरावीक प्रकल्पापुरताच निधी मिळतो. कार्यालयाचे भाडे, हिशेबनिसाचे वेतन, कार्यकर्त्यांचा विमा किंवा वाहनांची देखभाल यांसाठी त्यात तरतूद नसते. प्रकल्प संपला की प्रशिक्षित माणसे टिकवणे संस्थेला अशक्य होते आणि पुढच्या संकटात पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागते. आंतरराष्ट्रीय संस्थांच्या समन्वय समितीने २०२२ मध्ये यासंबंधी मार्गदर्शक सूचना दिल्या. प्रशासकीय खर्चाचा वाटा स्थानिक भागीदारांनाही मिळावा, असे त्यांत सुचवले आहे.

सुदानमधील अनुभव

सुदानमध्ये १५ एप्रिल २०२३ रोजी लष्कर आणि निमलष्करी 'रॅपिड सपोर्ट फोर्सेस' यांच्यात युद्ध सुरू झाले. परदेशी संस्थांच्या बहुतेक कर्मचाऱ्यांना राजधानी खार्तूम सोडावी लागली. अशा स्थितीत वस्तीवस्तीतील तरुणांनी 'आपत्कालीन प्रतिसाद कक्ष' उभारले. २०१८-१९ च्या लोकशाहीवादी आंदोलनातील स्थानिक समित्यांचे जाळे आणि 'नफीर' ही एकत्र येऊन श्रमदान करण्याची सुदानी परंपरा यांचा त्यांना आधार होता. या कक्षांनी सामुदायिक स्वयंपाकघरे चालवली, जखमींवर उपचारांची सोय केली, पाणीपुरवठा दुरुस्त केला आणि अडकलेल्या कुटुंबांना सुरक्षित स्थळी नेले.

युद्धाच्या जोडीला इतर संकटेही आली. एक कोटीहून अधिक लोक विस्थापित झाले. ऑगस्ट २०२४ मध्ये उत्तर दारफूरमधील झमझम छावणीत भीषण दुष्काळाची स्थिती असल्याचे तज्ज्ञ समितीने जाहीर केले. त्याच महिन्यात कॉलऱ्याची साथही जाहीर झाली.

हे कक्ष नोंदणीकृत संस्था नसल्याने अनेक देणगीदारांच्या नियमांत बसत नव्हते. त्यामुळे मध्यस्थ संस्थांमार्फत छोट्या रकमा पाठवण्याची पद्धत रूढ झाली. हे पैसे मुख्यतः मोबाईल बँकिंगने पोहोचत असल्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये संपर्कयंत्रणा ठप्प होताच अनेक स्वयंपाकघरांचे काम थांबले. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत स्थगित केल्यानंतर शेकडो स्वयंपाकघरे बंद पडली. एकाच देणगीदारावर अवलंबून राहण्यातील धोका यातून दिसून आला. दोन्ही बाजूंच्या सशस्त्र दलांनी या कक्षांच्या स्वयंसेवकांना अटक केल्याच्या घटना घडल्या असून अनेकांना प्राणही गमवावे लागले आहेत.

भारतातील स्थिती

भारतात परदेशी देणग्यांचे नियमन परदेशी योगदान (नियमन) अधिनियम, २०१० नुसार होते. सप्टेंबर २०२० मध्ये, कोविड-१९ ची साथ चालू असताना, या कायद्यात दुरुस्ती झाली. त्यानुसार एका संस्थेला मिळालेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करण्यास मनाई झाली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. निधीचा गैरवापर रोखणे व पारदर्शकता आणणे हा दुरुस्तीचा हेतू असल्याचे शासनाने म्हटले. मोठ्या संस्थेमार्फत परदेशी निधी मिळवणाऱ्या ग्रामीण भागातील लहान संस्थांचा मार्ग मात्र त्यामुळे बंद झाला.

महाराष्ट्रात ३० सप्टेंबर १९९३ रोजी लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत झालेल्या किल्लारी भूकंपानंतरचे पुनर्वसन हे स्थानिक सहभागाचे उल्लेखनीय उदाहरण मानले जाते. घरदुरुस्तीच्या कार्यक्रमात गावोगावच्या महिलांना 'संवाद सहायक' म्हणून नेमण्यात आले. शासकीय योजनेची माहिती घरोघरी पोहोचवणे आणि गावकऱ्यांच्या अडचणी अधिकाऱ्यांपुढे मांडणे हे त्यांचे काम होते. २६ जानेवारी २००१ च्या गुजरात भूकंपानंतर यांपैकी काही महिला आपला अनुभव सांगण्यासाठी कच्छमध्ये गेल्या.

आक्षेप व मर्यादा

स्थानिक संस्था जातीय, वांशिक किंवा राजकीय हितसंबंधांपासून अलिप्त राहतीलच असे नाही, असा आक्षेप घेतला जातो. लहान संस्थांना देणगीदारांच्या हिशेब तपासणीच्या अटी पेलत नाहीत. 'स्थानिक' कोणाला म्हणावे, यावरही एकमत नाही, कारण आंतरराष्ट्रीय संस्थांच्या देशांतर्गत शाखाही स्वतःला स्थानिक म्हणवतात. स्थानिकीकरणाच्या समर्थकांचा आक्षेप निराळा आहे. निधी व अधिकार वर राहून केवळ जोखीम खाली सरकवली जाते, त्यामुळे सुरक्षा, विमा आणि प्रशासकीय खर्च यांची तरतूद असल्याशिवाय भागीदारी हा शब्द सार्थ ठरत नाही, असे ते मानतात.