सावजीच्या चुलीचा कार्बन-हिशेब : हुबळीच्या कमरीपेठेतून गोव्यानेही घेण्याजोगे

हॉटेले आणि करमणुकीच्या जागांचे कार्बन उत्सर्जन कमी करण्याचा विषय निघाला की चर्चा पंचतारांकित हॉटेलांकडे वळते. हरित प्रमाणपत्रे, सल्लागार संस्था आणि झळाळते अहवाल हे सारे त्यांच्यासाठीच असते. छोट्या खानावळीला यातले काहीच परवडत नाही. तिच्याकडे असते ती गॅसची पावती, विजेचे बिल आणि जनरेटरच्या डिझेलचा खर्च. कार्बनचा हिशेब मांडायला एवढी कागदपत्रे पुरेशी असतात, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही. जुन्या हुबळीतील कमरीपेठ आणि तेथील सावजी खाद्यपरंपरा हे या हिशेबाचे चांगले उदाहरण ठरते.

कमरीपेठ आणि सावजी

कमरीपेठ परिसर सोमवंशीय सहस्रार्जुन क्षत्रिय, म्हणजेच ‘एसएसके’ समाजाशी जोडलेला आहे. विणकामाची परंपरा असलेला हा समाज तुळजाभवानीचा उपासक. उत्तर कर्नाटकात ‘सावजी खानावळ’ म्हणून जी झणझणीत सामिष जेवणाची ओळख आहे, ती याच समाजाची देणगी. नागपूरच्या सावजीशी तिचे नामसाम्य आहे. तेथील परंपरा हलबा कोष्टी समाजाची. दोन्हींचे मूळ विणकरांच्या घरातच असावे, हा मात्र लक्षणीय योग.

खानावळीचा बेत आटोपशीर असतो. मटणाचे दोन-तीन प्रकार, भाकरी किंवा चपाती, भात, कांदा-लिंबू. शंभर पदार्थांचे मेनूकार्ड नसल्यामुळे शीतपेट्यांत साठवणूक कमी आणि नासाडीही कमी. पर्यावरणाच्या दृष्टीने हा आटोपशीरपणा हे खानावळीचे पहिले भांडवल आहे.

हिशेब कसा मांडावा

तीन आकडे लक्षात ठेवले की काम भागते. एक किलो एलपीजी जळाला की सुमारे ३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरमागे साधारण ५७ किलो. देशाच्या ग्रिडमधील विजेच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो, तर एक लिटर डिझेलमागे सुमारे २.७ किलो.

समजा, एखाद्या खानावळीत रोज एक सिलिंडर लागतो, महिन्याला १,००० युनिट वीज आणि १०० लिटर डिझेल खर्च होते. गॅसचे सुमारे १,७०० किलो, विजेचे ७०० आणि डिझेलचे २७० किलो, असे मिळून महिन्याला पावणेतीन टनांच्या आत-बाहेर उत्सर्जन होते. त्यातील जवळजवळ दोन-तृतीयांश वाटा चुलीचा. दिवे बदलून एलईडी लावणे योग्यच. पण खानावळीतील खरी बचत स्वयंपाकघरात दडलेली असते, हे या साध्या बेरजेतून कळते.

चूल : इंडक्शनचा पेच

गॅस सोडून इंडक्शनवर जावे, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो तपासून घेतला पाहिजे. १९ किलो गॅसमध्ये सुमारे २४० युनिट इतकी उष्णता असते. शेगडीची कार्यक्षमता ६० टक्के धरली तर भांड्यापर्यंत सुमारे १४५ युनिट पोहोचतात. तेवढीच उष्णता ८५ टक्के कार्यक्षम इंडक्शनने द्यायची तर सुमारे १७० युनिट वीज लागते, आणि आजच्या ग्रिडवर तिचे उत्सर्जन १२० किलोच्या घरात जाते. म्हणजे गॅसच्या दुप्पट. देशातील बहुतांश वीज आजही कोळशापासून बनते, हे याचे कारण.

मात्र छपरावर सौर पॅनेल असतील तर चित्र पालटते. दुपारच्या जेवणाचा स्वयंपाक नेमका भर उन्हाच्या वेळेत होतो. अशा वेळी इंडक्शन खरोखर स्वच्छ ठरते. ग्रिडमधील सौर व पवन विजेचा वाटा वाढेल तसा हा हिशेबही बदलत जाईल. तोवर साधे उपाय अधिक फळ देतात. मटण उघड्या पातेल्याऐवजी मोठ्या प्रेशर कुकरमध्ये शिजवावे, कडधान्ये आधी भिजवावीत, भांड्यावर झाकण ठेवावे, बर्नरची भोके साफ ठेवावीत. ज्योत पिवळी दिसू लागली की गॅस अपुरा जळतो आहे, असे समजावे. भांडी धुण्याचे व स्वयंपाकाचे पाणी सौर बंबातून आधीच तापवून घेतल्यास चुलीवरचा भार आणखी हलका होतो.

शीतपेटीतील अदृश्य वायू

मांस साठवणाऱ्या जागेत शीतपेटी चोवीस तास चालते. विजेइतकाच धोका तिच्यातील शीतक वायूचा असतो. जुन्या यंत्रांतील आर-२२ हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,८०० पट उष्णता धरून ठेवतो. त्याची एक किलो गळती म्हणजे पावणेदोन टनांहून अधिक उत्सर्जन. वरील उदाहरणातील खानावळीच्या महिन्याभराच्या एकूण उत्सर्जनाच्या जवळपास दोन-तृतीयांश! म्हणून दर वेळी ‘गॅस भरून’ घेण्यापेक्षा गळती शोधून ती बंद करणे महत्त्वाचे. नवे यंत्र घेताना आर-२९० म्हणजे प्रोपेनवर चालणारे पाहावे. त्याचा तापवृद्धीतील वाटा नगण्य असतो. भारताने २०२१ मध्ये किगाली दुरुस्तीला मान्यता दिली असून घातक शीतके टप्प्याटप्प्याने कमी होणार आहेत.

ताटातले आणि ताटाबाहेरचे

मटणाचा कार्बन भार कोंबडीच्या कैक पट असतो, कारण रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटात मिथेन तयार होतो. सावजीतून मटण काढून टाका, असे म्हणणे हा त्या परंपरेचा उपमर्द ठरेल. वाया जाणारे मटण टाळणे मात्र प्रत्येकाच्या हाती आहे. अर्धे ताट आणि लहान वाटी देण्याची सोय ठेवणे हा त्याचा सोपा मार्ग.

उत्तर कर्नाटकाच्या ताटातील ज्वारीची भाकरी येथे कामी येते. काळ्या जमिनीतील ओलाव्यावर वाढणारी रब्बी ज्वारी पाणी कमी मागते. पाणी साचवलेल्या भातशेतीतून निघणारा मिथेन तिच्या शेतातून निघत नाही. भाकरी, भरली वांगी आणि शेंगदाण्याची चटणी हे ताट स्वस्त आहे आणि हलकेही.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातील २८ टक्के वाटा हॉटेले व अन्नसेवेचा होता. कचराडेपोत कुजणारे अन्न मिथेन सोडते. तेच बंद टाकीत कुजवले तर इंधन मिळते. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या नेतृत्वाखाली खरकट्यावर चालणारे लहान बायोगॅस संयंत्र घडवले आणि २००६ मध्ये त्याला अॅश्डेन पुरस्कार लाभला. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेले ‘निसर्गऋण’ तंत्र मोठ्या प्रमाणावरील ओल्या कचऱ्यासाठी आहे. चार-पाच खानावळींनी मिळून एक संयंत्र चालवणे जागेच्या व खर्चाच्या दृष्टीने सोयीचे. गोव्यात साळगावच्या प्रकल्पात ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस आणि वीज तयार होते. कचरा वेगळा करून देण्याची शिस्त तेथेही यशाची पहिली अट आहे.

गिरमिट आणि मिरची भजी ही हुबळीची ओळख. भज्यांच्या कढईतील तेलासाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जुलै २०१८ पासून ध्रुवीय संयुगांची २५ टक्के ही मर्यादा घातली आहे. ती ओलांडलेले तेल गटारात न ओतता बायोडिझेलसाठी द्यावे, अशी त्यामागची योजना आहे.

मंगल कार्यालये आणि नाट्यगृहे

करमणुकीच्या व समारंभांच्या जागांचा हिशेब निराळा असतो. तेथे चुलीइतकीच वातानुकूलन, जनरेटर आणि प्रेक्षकांची ये-जा महत्त्वाची. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या मते वातानुकूलन यंत्राचे तापमान एका अंशाने वाढवले तर सुमारे ६ टक्के वीज वाचते. त्यामुळे २४ अंशांवर सभागृह ठेवणे पुरेसे.

प्रवासाचा वाटा मात्र यजमानाच्या बिलात दिसत नाही. सवाई गंधर्व सभागृहातील मैफलीला धारवाडहून पन्नास मोटारी आल्या तर वाचवलेल्या विजेचे मोल उरत नाही. हुबळी-धारवाडदरम्यान ‘चिगरी’ ही जलद बससेवा धावते. शेवटच्या बसच्या वेळेशी कार्यक्रमाची वेळ जुळवणे आणि ती वेळ निमंत्रणपत्रिकेवर छापणे, याला पैसा लागत नाही.

पाण्याचाही कार्बन

हुबळी-धारवाडचे पाणी मुख्यतः सौंदत्तीजवळच्या मलप्रभा जलाशयातून उपसून आणावे लागते, आणि उपशाला वीज लागते. गोव्याला हा प्रश्न परका नाही. म्हादई जलतंटा लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी कळसा व भांडुरा मिळून ३.९ टीएमसी पाणी मलप्रभा खोऱ्यात वळवण्यास मान्यता दिली आणि त्या निवाड्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. त्या वादाचा निकाल काहीही लागो. हॉटेलच्या नळावर बसवलेली पाणीबचतीची जाळी आणि गळकी टाकी दुरुस्त करणे यांमुळे पाणी आणि वीज दोन्ही वाचतात.

पहिले पाऊल

पणजी, मडगाव वा म्हापशाच्या छोट्या उपाहारगृहांची चूल कमरीपेठेहून फारशी वेगळी नाही. ग्रिडही एकच आहे. बारा महिन्यांच्या पावत्या एका वहीत लिहून काढाव्यात, त्यांना ३, ०.७ आणि २.७ या आकड्यांनी गुणावे आणि सर्वांत मोठ्या आकड्यापासून सुरुवात करावी. पहिली बचत बहुधा झाकण, कुकर आणि अर्ध्या ताटातूनच होईल. तिला कर्ज लागत नाही. सौर पॅनेल आणि बायोगॅस हे त्यानंतरचे टप्पे. प्रमाणपत्र नसले तरी चालेल. वही मात्र हवी.