शोशन्ना : एका नावाची कुळकथा

सुसाना, सुझॅन अशा रूपांनी युरोपभर रुळलेल्या स्त्रीनामाचे मूळ लिलीसारख्या फुलाच्या 'शोशन्ना' या हिब्रू शब्दात आहे, आणि त्या शब्दाचा उगम बहुतेक अभ्यासक प्राचीन इजिप्शियन भाषेत शोधतात, जिथे नाईलच्या पाण्यात फुलणाऱ्या कमळवर्गीय फुलाला स-श-न या व्यंजनांचा शब्द होता. हिब्रूत 'शेश' म्हणजे सहा आणि लिलीच्या पाकळ्याही सहा, यावरून हे नाव त्या संख्येशी जोडण्याचा मोह अनेकांना झाला. ही जुळणी मोहक असली तरी मागाहून सुचलेली वाटते. बायबलच्या 'पहिले राजे' या ग्रंथात शलमोनाच्या मंदिरातील स्तंभांचे माथे 'शूशन'च्या, म्हणजे याच फुलाच्या, घडणीचे असल्याचे वर्णन येते, आणि इजिप्तमधील कमळशीर्ष स्तंभ पाहिले की या व्युत्पत्तीला मोठेच बळ मिळते.

विशेष म्हणजे हिब्रू बायबलात, 'गीतरत्न' या प्रेमकाव्यातही, शोशन्ना हे फूलच आहे. त्या नावाची स्त्री तिथे भेटत नाही. ती भेटते दानिएलाच्या ग्रंथाला ग्रीक भाषेत जोडलेल्या एका कथेत. बाबेलमधील योयाकीमाची पत्नी सुसाना हिच्यावर दोन वडीलधारे न्यायाधीश व्यभिचाराचा खोटा आळ घेतात, तेव्हा तरुण दानिएल दोघांना वेगळे करून, प्रसंग कोणत्या झाडाखाली घडला, एवढेच विचारतो आणि उत्तरे जुळत नाहीत. त्या झाडांच्या नावांवर केलेल्या कोट्या ग्रीकमध्येच साधतात, हे तिसऱ्या शतकात यूलियस आफ्रिकानुस या ख्रिस्ती लेखकाने धर्मपंडित ओरिगेनला लिहिलेल्या पत्रात दाखवून दिले होते. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स पंथ ही कथा प्रमाण मानतात, यहुदी आणि प्रोटेस्टंट मानत नाहीत; तरीही निरपराध स्त्रीच्या धैर्याची ही गोष्टच या नावाच्या प्रसाराचे मोठे कारण ठरली. आर्मेनियात त्याचे 'शूशन' झाले, आणि पाचव्या शतकात हौतात्म्य पत्करलेल्या शूशानिक या आर्मेनियन राजकन्येचे चरित्र जॉर्जियन भाषेतील उपलब्ध साहित्यकृतींत सर्वांत जुने मानले जाते.

विसाव्या शतकात हिब्रू पुन्हा बोलीभाषा झाली, तेव्हा शोशन्ना हे नावही नव्याने बहरले. 1923 साली येमेनमध्ये जन्मलेल्या शोशन्ना दमारी या गायिकेमुळे ते इस्रायलमध्ये घरोघरी पोहोचले. आजच्या हिब्रूत 'शोशन' म्हणजे लिली आणि गुलाबाला 'वेरेद' हा स्वतंत्र शब्द आहे, पण बोलण्यात 'शोशन्ना' म्हटले की बहुतेकांना गुलाबच अभिप्रेत असतो.