राउळांचे म्हातारपण

दिवाळीच्या पहाटे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आपण आग्रहाने अभ्यंगस्नान घालतो. पुढे वर्षभर मात्र त्याने केव्हा आंघोळ करावी, काय खावे, बाहेर पडावे की नाही, हे दुसरेच कोणी ठरवते. मुले पुण्यामुंबईस, समृद्धी महामार्ग आमच्या शेलूबाजाराजवळून गेला, तशी ती अधिकच वेगाने जाऊ लागली! मग म्हातारपण कोणाच्या तरी हाती सोपवावे लागते.

अमरावती ओलांडून मोर्शी तालुक्यात रिद्धपूर लागते. तेराव्या शतकात तेथे गोविंदप्रभू राहात. लोक त्यांना राऊळ म्हणत. कित्येक वेडाही म्हणत. वाटेल त्या घरी शिरावे, मिळेल ते खावे, आपल्याशीच बोलावे, हसावे, अशी त्यांची रीत. महानुभाव पंथाचे चक्रधर त्यांना गुरू मानीत. चक्रधर निघून गेल्यावर नागदेवाचार्य, म्हाइंभट, महदाइसा ही शिष्यमंडळी रिद्धपुरास येऊन राहिली आणि राउळांची त्यांनी अखेरपर्यंत सेवा केली.

ही सेवा म्हाइंभटांनी लिहून ठेवली, हे आपले भाग्य. त्यांच्या गोविंदप्रभुचरित्रात तीनशेंहून अधिक लीळा आहेत. अॅन फेल्डहाउस या विदुषीने १९८४ साली त्या इंग्रजीत नेल्या. वाचताना नवल वाटते. राउळांचे रुसवे, हट्ट, खाण्याच्या लहरी, शिव्यागाळी, सारे त्यात आहे. म्हाताऱ्याचा हट्ट म्हणजे लपवायची गोष्ट, असे लिहिणाऱ्याला वाटलेच नाही.

पुढे तर कमालच झाली. उतारवयात राउळांना लग्नाची लहर आली. आपण काय केले असते? हसलो असतो, नाही तर वैद्य बोलावला असता. भक्तांनी लग्नाचा थाट मांडला! त्या प्रसंगी महदाइसेने रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे गाइले आणि मराठीला आपली आद्य कवयित्री लाभली. एका वृद्धाच्या लहरीचा मान राखला, त्याची ही कमाई.

कोणी म्हणेल, ते त्यांना देव मानीत होते. आमची आजी का देव आहे? आक्षेप खरा आहे. पण टॉम किटवुड या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने १९९७ च्या आपल्या ग्रंथात देवाचे नाव न घेता जवळपास तेच मांडले: स्मृती गेली तरी माणूस उरतो, आणि सेवेने आधी त्या माणसाला ओळखावे.

आपल्याकडे २००७ साली ज्येष्ठ नागरिकांसाठी कायदा झाला. जिल्ह्यात किमान दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असा आश्रम असावा, असे तो सांगतो. छप्पर हवेच, त्यावाचून बाकीच्या गोष्टी पोकळ. पण दीडशे हा खाटांचा आकडा झाला. त्यांतल्या कोणाला पहाटे चहा लागतो, कोणाला भाकरी चुरूनच हवी, कोणाला संध्याकाळी पारापर्यंत जाऊन यायचे असते, हे कायद्याला कसे कळावे? ते शेजारी बसणाऱ्याने विचारायचे असते. म्हाइंभटांनी तर ते लिहूनही ठेवले.