मुक्तांबेचं छत्र आणि ओरत्तनाडूची संध्याकाळ



हिवाळा सुरू झाला की आपल्याकडच्या वाचनालयांना जाग येते. शाल-श्रीफळ, समई, तीन दिवसांची व्याख्यानमाला, आणि शेवटच्या रांगेत मफलर गुंडाळून पेंगणारे आमच्यासारखे ज्येष्ठ नागरिक. आजचा विषय हाच आहे, प्रौढांनी वाचनालयात संध्याकाळी एकत्र बसण्याचा. पण त्यासाठी मी तुम्हाला अशा गावात नेणार आहे जिथे हिवाळा जवळजवळ नसतोच. तंजावरहून पट्टुकोट्टैच्या रस्त्याने दक्षिणेला साधारण पंचवीस किलोमीटर गेलं की ओरत्तनाडू लागतं. ऑक्टोबर ते डिसेंबर तिथे परतीच्या मोसमी वाऱ्यांचा पाऊस असतो, शेतात सांबा हंगामाचं भात उभं असतं, आणि डिसेंबरच्या रात्रीसुद्धा स्वेटर काढावा लागत नाही. तरीही तिथले लोक मार्गळी महिन्यात कानाला मफलर गुंडाळून फिरतात. लडाखमध्ये दोन हिवाळे काढलेल्या माणसाला हे बघून हसू येतं, पण ते असो.

हे गाव मला कळलं ते एका हवालदारामुळे. उत्तरेतल्या एका चौकीवर आम्ही बर्फात अडकलो होतो. बंकरमध्ये स्टोव्हभोवती बसलो असताना तो म्हणाला, "साहेब, तुम्ही मराठे ना? आमच्या गावातलं छत्र तुमच्याच राजाने बांधलंय. मी त्याच आवारातल्या शाळेत शिकलो." गावाचं नाव त्याने तीनदा सांगितलं, तेव्हा कुठे मला नीट उच्चारता आलं. मी इतिहास घेऊन बी.ए. झालेला माणूस. पानिपत घटका-घटकांच्या हिशेबाने सांगायचो, आणि भोसल्यांनी जवळजवळ पावणेदोनशे वर्षं राज्य केलेल्या मुलखातलं एक गाव मला माहीत नव्हतं. ती लाज मनात राहिली. निवृत्तीनंतर एका डिसेंबरात मी तिथे गेलो.

छत्र म्हणजे आपल्या भाषेत धर्मशाळा आणि अन्नछत्र दोन्ही. ओरत्तनाडूचं छत्र दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०२च्या सुमारास बांधलं आणि त्याला मुक्तांबेचं नाव दिलं. मुक्तांबा राजांची प्रिय सखी होती, लग्नाची राणी नव्हती. मरताना तिने, माझ्या नावाने वाटसरूंना अन्न मिळू दे, एवढंच मागितलं असं सांगतात. तंजावरच्या छत्रांना बहुतेक राजघराण्यातल्या स्त्रियांची नावं आहेत; नीडामंगलमचं छत्र यमुनांबेचं. राणी नसलेल्या एका बाईच्या नावाने एवढी मोठी वास्तू उभी राहावी, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. पुढच्या बाजूला रथाचा आकार दिलाय, दगडात घोडे आणि हत्ती कोरलेत, म्हणजे आख्खी इमारतच ओढली जातेय असं वाटावं. तिची पडझड झालेली होती. मी गेलो तेव्हा जोत्यावर शेवाळ होतं आणि एका कोपऱ्यात शेळ्या बसल्या होत्या.

आता हे छत्र बांधलं तेव्हा राजाकडे काय उरलं होतं ते बघा. १७९९च्या तहाने तंजावरचा राज्यकारभार कंपनीने घेतला. सरफोजींकडे तंजावरचा किल्ला, वर्षाला एक लाख पॅगोडांची नेमणूक आणि महसुलाचा पाचवा हिस्सा एवढं राहिलं. फौज गेली, मुलूख गेला. कोणत्याही सैनिकाला विचारा, अशा वेळी माणूस काय वाचवायला धावतो? सरफोजींनी छत्रांसाठी शब्द टाकला. जानेवारी १८०१मध्ये त्यांनी इंग्रज रेसिडेंट टोरिन याला पत्र लिहिलं. त्यात छत्रांचा कारभार कसा चालतो हे अगदी बारकाईने सांगितलंय. ब्राह्मणापासून अस्पृश्य मानल्या गेलेल्यांपर्यंत सर्वांना शिजवलेलं अन्न मिळतं. मध्यरात्री आलेला वाटसरूही उपाशी राहत नाही. आजारी पडला तर वैद्य आहे, बरा होईपर्यंत तिथेच राहायचं. वाटेत बाळंत झालेल्या बाईची सोय आहे. मेला तर त्याच्या रीतीप्रमाणे अंत्यविधी. वेद शिकवणारे आहेत, पंतोजी आहेत, आणि अनाथ पोरांना जेवण आणि विद्या दोन्ही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या डोक्यात आलं की हा एखाद्या चांगल्या क्वार्टरमास्टरचा अहवाल आहे. दयेचे उमाळे नाहीत, कोणाला काय आणि किती वाजता मिळणार याचा हिशेब आहे. आणि हिशेबाच्या मुळाशी गावं होती. छत्राला तोडून दिलेल्या गावांचं उत्पन्न छत्राकडेच जायचं, म्हणून चूल विझत नसे.

ही गावांची गोष्ट लक्षात ठेवा. पुढे ती पुन्हा येणार आहे.

मुक्तांबेच्या छत्रात राजांनी मोफत शाळा घातल्या. मराठी, तमिळ, तेलुगू, संस्कृत अशा भाषा तिथे शिकवत. सरफोजी स्वतः श्वार्ट्झ या जर्मन पाद्रीच्या हाताखाली वाढलेले, इंग्रजी उत्तम येणारे, त्यामुळे नव्या विद्येची त्यांना ओढ होती. १८०५च्या सुमारास त्यांनी तंजावरात देवनागरी छापखाना काढला. तिथून १८०६मध्ये 'बालबोधमुक्तावलि' हे मराठी पुस्तक छापून निघालं, इसापच्या गोष्टींचं. आपण मुद्रणाचा इतिहास सांगताना मुंबईपासून सुरुवात करतो. कावेरीकाठचं हे पुस्तक फार थोड्यांच्या तोंडी असतं.

आणि हे सगळं काही पोरांसाठीच नव्हतं. तंजावरला मोठ्या माणसांना शिकवायची रीत वेगळी होती, ती कानाची आणि डोळ्यांची होती. सरफोजींच्या नावावर 'देवेंद्र कुरवंजी' नावाचं मराठी नाटक आहे. कुरवंजी म्हणजे भविष्य सांगणारी डोंगरातली बाई. एरवी ती नायिकेला प्रियकर कधी येणार ते सांगते. इथे ती जगाचा भूगोल सांगते! खंड, देश, समुद्र, सगळं गाण्यातून. ज्याला अक्षर येत नाही त्या माणसाने संध्याकाळी बसून पृथ्वी समजून घ्यावी, यापेक्षा चांगला प्रौढवर्ग मला माहीत नाही. तंजावरच्या बृहदीश्वराच्या देवळात भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलाय, तो डिसेंबर १८०३चा. देशातला सर्वांत मोठा मराठी शिलालेख म्हणून तो ओळखला जातो. मी त्याच्यापुढे दीड तास उभा होतो. शेजारून शेकडो माणसं गेली. दोघं थांबले, तेही माझ्यासोबत फोटो काढायला, कारण माझ्या मिशा.

आता ग्रंथालयाकडे. सरस्वती महाल मूळचा नायक राजांच्या वेळचा, भोसल्यांनी वाढवला, आणि सरफोजींनी त्याला आजचं रूप दिलं. १८२० ते १८२२ या काळात ते काशीयात्रेला गेले, मोठा लवाजमा घेऊन, आणि तिकडून पोथ्या गोळा करून आणल्या. युरोपी पुस्तकं तर त्यांच्या सहीची हजारोंनी आहेत. पण हे सारं राजवाड्यातलं. १८५५मध्ये शेवटचा राजा, दुसरा शिवाजी, पुत्राविना वारला आणि राज्य खालसा झालं. पोथ्या तशाच पडून राहिल्या. न्यायाधीश बर्नेल याने संस्कृत पोथ्यांची सूची १८८०मध्ये छापली आणि जगाला कळलं की इथे काय ठेवा आहे. सर्वसामान्य वाचकाला दार उघडायला मात्र १९१८ साल उजाडावं लागलं. लांडगे, कागलकर, पतंग अवधूत अशा घराण्यांनी आपल्या घरच्या पोथ्याही पुढे तिथे दिल्या. तीन हजारांवर मराठी हस्तलिखितं आहेत. मोडी दफ्तराचे गठ्ठे वेगळे.

म्हणजे छत्र सर्वांचं होतं आणि ग्रंथ राजाचे होते. या दोन गोष्टी एकत्र कधी आल्या? माझ्या मते त्या एकत्र आल्या १९३१मध्ये, ओरत्तनाडूच्या पूर्वेला असलेल्या मन्नारगुडीत.

तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातल्या शियाळीत १८९२ साली शि. रा. रंगनाथन जन्मले. गणिताचे प्राध्यापक, मद्रास विद्यापीठाने ग्रंथपाल केलं आणि शिकायला लंडनला पाठवलं. तिथे क्रॉयडनच्या सार्वजनिक ग्रंथालयात त्यांनी काम पाहिलं. इंग्लंडच्या लांब काळोख्या संध्याकाळी कामगार, गृहिणी, म्हातारे असे सगळ्या थरांतले लोक तिथे येत होते. ते परतले ते ग्रंथालय म्हणजे गोदाम नव्हे हे मनात धरून. 'प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक' या अर्थाचे त्यांचे पाच नियम १९३१मध्ये पुस्तकरूपाने आले. त्याच वर्षी ऑक्टोबरात मन्नारगुडीच्या मेलवासल भागातून कनकसभै पिळ्ळै या अभियंत्याने बैलगाडीतून ग्रंथालय हाकललं. गाडीत कपाटं, कपाटांत पुस्तकं, आणि गाव आलं की गाडी सोडायची. वाचता येणाऱ्याने पुस्तक घ्यायचं, न येणाऱ्याला दुसऱ्याने वाचून दाखवायचं. आमच्या फौजेत रसद पुढे पाठवायची की जवानांनी मागे यायचं, हा वाद कायमचा. पिळ्ळै यांनी तो मिटवला.

मग प्रश्न उरला पैशांचा, म्हणजे त्या गावांचा. छत्राला गावं होती. ग्रंथालयाला कोण देणार? रंगनाथन यांच्या प्रयत्नांतून १९४८मध्ये मद्रास सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला. त्यात घरपट्टीवर ग्रंथालय कर बसवला. तमिळनाडूत आज तो रुपयामागे दहा पैसे आहे. ओरत्तनाडूतला किराणा दुकानदार घरपट्टी भरतो तेव्हा त्यातला हिस्सा ग्रंथालयाच्या खात्यात जातो, त्याने आयुष्यात पुस्तक उघडलं नसलं तरी.

इथे आपल्या लोकांना एक टोचणी लावतो, राग मानू नका. देशातला पहिला ग्रंथालय कायदा मद्रासचा नव्हता. तो कोल्हापूर संस्थानाने १९४५मध्ये केला. रत्नागिरीचं वाचनालय १८२८चं, म्हणजे सरफोजी हयात असतानाचं. वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५मध्ये सुरू केली. एवढी पुण्याई असून १९६७चा महाराष्ट्राचा कायदा करताना आपण कर लावला नाही, अनुदान ठेवलं. अनुदान म्हणजे वर्ग ठरणार, तपासणी होणार, हप्ता लांबणार, आणि ग्रंथपाल बिचारा वर्गणी गोळा करत फिरणार. मी माझ्या गावच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीत चार वर्षं होतो, तेव्हा हे ऐकीव सांगत नाही. आपली वाचनालयं हौशी माणसांच्या जिवावर जगली, हे मोठेपणाने सांगितलं जातं. हौशी माणसं म्हातारी होतात, हे कोणी सांगत नाही.

तमिळनाडूतही सारं गोड नाही. करापोटी गोळा झालेला पैसा वेळेवर ग्रंथालयांपर्यंत पोचत नाही ही तक्रार तिथे जुनी आहे. पण शाखा आहेत, आणि बऱ्याच शाखांना 'वाचकर वट्टम' म्हणजे वाचकमंडळ आहे. हजार रुपये देऊन 'पुरवलर', म्हणजे आश्रयदाता, होता येतं. नोव्हेंबरात १४ ते २० ग्रंथालय सप्ताह असतो, तेव्हा या मंडळांची गजबज असते. २०१८मध्ये याच सप्ताहात, १६ नोव्हेंबरला पहाटे, गजा चक्रीवादळ आलं. ओरत्तनाडू-पट्टुकोट्टै भागातली नारळाची झाडं आडवी झाली. वीस-वीस वर्षं वाढवलेली झाडं एका रात्रीत गेली. त्या भागात आजही माणसं गोष्टींचा काळ गजाच्या आधी आणि गजानंतर असा मोजतात.

हवालदार आता निवृत्त आहे, भातशेती करतो. तो मला संध्याकाळी वाचकमंडळाच्या बैठकीला घेऊन गेला. पंधरा-वीस माणसं, त्यांत चार बायका. एक निवृत्त शिक्षक एका कादंबरीवर बोलले. मला शब्द कळत नव्हते, वाद कळत होता, कारण पाचव्या मिनिटाला दोघं उभे राहिले. मग मला बोलायला सांगितलं. मी हवालदाराला दुभाषी करून मुक्तांबेची गोष्ट सांगितली. त्यांना छत्र माहीत होतं, मुक्तांबा माहीत होती, सरफोजी तर 'सरबोजी' म्हणून घरचाच माणूस. त्यांना माहीत नव्हतं ते एवढंच, की या साऱ्याचे कागद कोणत्या लिपीत आहेत.

मोडी मी बासष्टाव्या वर्षी शिकलो. वर्गात सुरुवातीला बावीस जण होतो, परीक्षेला सहा उरलो. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने मोडी कागदांचे तमिळ अनुवाद छापले, मोठं काम केलं. तरी मोडी वाचणारा माणूस दुर्मीळच, तिथेही आणि इथेही. तंजावरच्या मराठी घरांत भाषा तोंडी टिकली आहे, पण देवनागरी वाचता न येणारे तिथे पुष्कळ भेटतात, मोडी तर दूरच.

मी एका जुन्या नोटिशीच्या पाठीवर 'ओरत्तनाडू' असं मोडीत लिहून दाखवलं, हात न उचलता. शिक्षकांनी कागद हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, आणि त्यांच्या आईचं नाव लिहून मागितलं. मग बाकीच्यांनी रांग लावली. कोणी आईचं, कोणी नातीचं, एका बाईने गजात पडलेल्या घराचं नाव सांगितलं. कागद संपले, ग्रंथपालांनी रजिस्टरातली कोरी पानं फाडून दिली. निघताना शिक्षक म्हणाले, पुढच्या मार्गळीत आठवडाभर राहा, आम्ही शिकतो. बॉलपेनने मोडीचं वळण नीट येत नाही, हे त्यांना मी सांगून बसलो होतो, तेव्हा लिहायचं साहित्यही तुम्हीच आणा म्हणाले.

बोरू घेऊन ठेवलेत. वीस.