एक्सिलेटरची वायर आणि दोन बाउडन

संशोधनाला विषयच सापडत नाही, असं तुमच्यापैकी अनेकजण म्हणतात. आज एक साधी वस्तू घेऊ. नायगावात, नांदेड-देगलूर रस्त्यावरच्या गॅरेजांत ती रोज बदलली जाते: मोटारसायकलची एक्सिलेटर वायर.

आधी ती चालते कशी ते बघा. बाहेर ताठ आवरण, आत पिळाची बारीक तार. आवरणाची दोन्ही टोकं पक्की टेकवलेली असतात, ते दबत नाही. त्यामुळे वायर कितीही वळली तरी मुठीची ओढ कार्बोरेटरपर्यंत पोचते. तिथली स्लाइड वर उचलली जाते आणि इंजिनात हवा-पेट्रोल जास्त जातं. मूठ सोडली की स्प्रिंग स्लाइड खाली आणते. वायर तुटली तर गाडी रेस घेत नाही, एवढंच. पण आत गंजून अडकली तर मूठ सोडूनही रेस उतरत नाही, आणि ते जिवावर बेतू शकतं. म्हणूनच चांगला मेकॅनिक नवी वायर टाकल्यावर गाडी चालू ठेवून हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवतो. रेस वाढली, तर वायर ताणली जातेय.

आता इतिहास. या रचनेला ‘बाउडन केबल’ म्हणतात. कोण हा बाउडन? रॅले सायकल कंपनीचे फ्रँक बाउडन, असं उत्तर बऱ्याच ठिकाणी मिळतं. सायकलचा धंदा, आडनावही तेच, म्हणून पटतंही. पण 1896 चं पेटंट उघडा. त्यावर नाव आहे अर्नेस्ट मॉनिंग्टन बाउडन. हा आयरिश माणूस वेगळाच. दोघांचं जवळचं नातं असल्याचा पुरावा नाही. 1900 मध्ये रॅलेने अर्नेस्टकडून फक्त परवाना घेतला होता. पुढे एकाचं श्रेय दुसऱ्याच्या नावावर गेलं. तुमच्या प्रबंधात असं होऊ नये असं वाटत असेल, तर दहा लेखांत तेच लिहिलंय म्हणून थांबू नका, मूळ कागद बघा.

आणि कागद नसेल तिथे? वाळूजचा बजाजचा कारखाना 1985 चा. पुढच्याच वर्षी कावासाकी-बजाजची केबी 100 आली. आपल्या तालुक्यांत या गाड्या दुरुस्त करायला कोण, कुणाच्या हाताखाली शिकलं? हे कुठल्याच पेटंटात मिळणार नाही. इकडे 2017 च्या केटीएम 390 ड्यूकमध्ये मूठ आणि इंजिनमधली ही तारच गेली. मुठीचा इशारा सेन्सर देतो. हाताने वायर जोखणारी माणसं अजून गॅरेजात बसलेली आहेत. वही घेऊन आधी त्यांच्याकडे जा.