सापळ्यात न सापडणारी चोरी

प्रतिष्ठेच्या हुद्द्यावर बसून, कामाचाच भाग असल्यासारखा केलेला गुन्हा म्हणजे पांढरपेशी गुन्हेगारी. समाजशास्त्रज्ञ एडविन सदरलँड यांनी 1939 मध्ये ही कल्पना मांडली. यात कुलूप तुटत नाही, फक्त सही होते.

मातंग समाजासाठी 1985 मध्ये स्थापन झालेल्या लोकशाहीर अण्णाभाऊ साठे विकास महामंडळाचे माजी अध्यक्ष रमेश कदम यांना सीआयडीने ऑगस्ट 2015 मध्ये अटक केली. आरोप तीनशे कोटींहून अधिक रकमेच्या अपहाराचा. 2023 मध्ये ते जामिनावर सुटले. कर्जाची वाट पाहणाऱ्या कुटुंबांची आठ वर्षे मात्र कुणी मोजली नाहीत.

लाच मागितली तर 1064 वर फोन करता येतो. लाचलुचपत प्रतिबंधक विभाग सापळा लावतो, त्याला पूर्वपरवानगी लागत नाही. (नाइलाजाने लाच दिलीच, तर सात दिवसांत कळवा, नाहीतर 2018 च्या दुरुस्तीनुसार देणाराही गुन्हेगार.) पण फाईलवरच्या निर्णयातून पैसे खाल्ले असतील, तर त्याच दुरुस्तीतील कलम 17अ नुसार चौकशीआधी सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी लागते. म्हणून हजार रुपये घेणारा लवकर सापडतो आणि खोटे बिल काढणारा सन्मानाने निवृत्त होतो.

अशा वेळी कागदच आपला साक्षीदार. आपल्या निरगुडसरसारख्या गावात अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्ती विकास योजनेतून रस्ता, गटार, समाजमंदिराचे काम होते. त्या कामाचे अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका आणि पूर्णत्वाचा दाखला मागा. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांचा, दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला मोफत. महाराष्ट्राच्या नियमानुसार अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत हवा. इथेच बरेच कार्यकर्ते भाषण लिहून बसतात. उत्तराची मुदत 30 दिवस, त्यानंतर अपील.

याच कायद्याच्या कलम 2(ञ) मध्ये कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा अधिकार आहे. तो फार कमी वापरला जातो. एमबीत रस्त्याची लांबी, रुंदी, जाडी लिहिलेली असते आणि खाली मोजणाऱ्या अभियंत्याची सही. वस्तीतल्या चार-पाच जणांनी टेप घेऊन तो रस्ता मोजावा, फोटो काढावेत आणि तफावतीची लेखी तक्रार घोडेगावला पंचायत समितीत देऊन पोच घ्यावी. तक्रारीत ‘प्रशासन भ्रष्ट आहे’ असे लिहू नका. एमबीचे पान, तारीख, सही करणाऱ्याचा हुद्दा आणि कमी भरलेले मीटर लिहा.