मार्गच्युत विमान आणि शीतयुद्धाचा इतिहास : केएएल ००७ – एक अभ्यास

प्रस्तावना : दि. १ सप्टेंबर १९८३ रोजी कोरियन एअर लाइन्सचे बोइंग ७४७ जातीचे प्रवासी विमान सोव्हिएत लढाऊ विमानाने साखालिन बेटाजवळ पाडले. विमानातील सर्व २६९ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. न्यूयॉर्कहून अलास्कातील अँकरेजमार्गे सेऊलला निघालेले हे विमान सोव्हिएत हद्दीत गेलेच कसे, हा या घटनेतील मूलभूत प्रश्न होय.

मार्गच्युतीचे स्वरूप : अँकरेजहून उड्डाण केल्यावर विमानाने बेथेलमार्गे ‘रोमिओ २०’ हा हवाईमार्ग धरणे अपेक्षित होते. परंतु ऑटोपायलट सुमारे २४५ अंशांच्या एकाच चुंबकीय दिशेवर राहिला. विमानातील जडत्वीय दिशादर्शन प्रणालीकडे नियंत्रण जाण्यासाठी विमान नियोजित मार्गापासून साडेसात सागरी मैलांच्या आत असणे आवश्यक होते. बेथेलजवळच ते सुमारे १२ सागरी मैल उत्तरेस सरकलेले होते. पुढे हे अंतर वाढतच गेले. तरीही नियोजित स्थाने ओलांडल्याचे संदेश वैमानिक देत राहिले. पाच तासांहून अधिक काळ ही चूक त्यांच्या ध्यानी आली नाही.

संशय आणि साधने : सोव्हिएत शासनाने या उड्डाणास हेरगिरी ठरविले. त्याच रात्री अमेरिकेचे आरसी-१३५ टेहळणी विमान कामचाटका परिसरात वावरत असल्याने संशयास निमित्त मिळाले. तथापि, त्यामुळे विमानाची ओळख पटविण्यात झालेल्या हयगयीचे समर्थन होत नाही. विमानातील नोंदयंत्रे सोव्हिएत पाणबुड्यांच्या हाती १९८३ मध्येच लागली होती. मात्र ही बाब गुप्त ठेवण्यात आली. १९९२ मध्ये रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन यांनी ती उघड केली. त्या नोंदींच्या आधारे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १९९३ च्या अहवालात उपरोक्त कारणमीमांसा मांडली.

निष्कर्ष : या दुर्घटनेनंतर अमेरिकेने जीपीएस प्रणाली नागरी विमानांना उपलब्ध करून देण्याची घोषणा केली. १९८४ मध्ये शिकागो करारात प्रवासी विमानांवरील शस्त्रप्रयोगास प्रतिबंध करणारी दुरुस्ती संमत झाली. ती १९९८ मध्ये अमलात आली. म्हणजेच उपाययोजना आधी झाली आणि कारण नंतर सिद्ध झाले. मधल्या दशकात मृतांच्या आप्तांना सत्याऐवजी दोन महासत्तांचे परस्परविरोधी दावेच ऐकावे लागले. शत्रुत्वाच्या काळात साध्या मानवी चुकीलाही हेतू चिकटविला जातो. तो दूर करण्याचे सामर्थ्य अस्सल साधनांत असते; म्हणूनच ती दडविणे हा मृतांवरील दुसरा अन्याय ठरतो.